हिला ती आधी, तिला ही आधी

अगं थांब, बाबांच्या ऑफिसला कुठे निघालीस लगेच — बस जरा. तुमच्या दाराला कुलूप असणारच, आई मावशीकडे गेलीय, येईल दिवेलागणीला. आणि बाबा — बाबा ऑफिसात. हो, दुसरे कुठे असणार? सकाळी डबा घेऊन उतरताना पाहिलं ना मी. जिन्याचा पहारा फुकटात करते — आमचे हे म्हणतात, हिला बिल्डिंगनं एक शिट्टी द्यायला हवी. पाणी घे. त्या टेबलाकडे नको बघूस, पसारा आहे नुसता. तो कॉम्प्युटर? तो — ह्यांचा. हो, ह्यांना मोबाईलसुद्धा धड धरता येत नाही, ते खरं... बाबांचा डबा ओळखलास होय. आता काय, झाकली मूठ उघडलीच.

बरं, ऐक. पण मी सांगितलं नाही, कळलं? शपथ घातलीय तुझ्या बाबांनी मला.

तू तो प्रोग्राम करून दिलास ना गेल्या सुट्टीत? मला त्यातलं काय कळतं, सातवीत शाळा सुटली माझी — पण रोज कानावर पडलं की दगडालाही कळेल. ते त्यांचे फोर्ट्रान की काय त्या कॉम्प्युटरच्या भाषेतले जुने हिशेब, धरणाच्या पाण्याचे, ढिगानं फाईली. हिला तिच्यातलं काही लागतं, तिला तिसरीतलं, म्हणून मशीनला सांगावं लागायचं, ही आधी, ती मागून. ते सगळं बाबा हातानं एका यादीत लिहायचे, मेकफाईल म्हणतात तिला. कुणी एक फाईल वाढवली की आला फोन, भरल्या ताटावरून उठायचे. तू म्हणालीस, पुरे झालं बाबा, आता माझा प्रोग्राम सगळ्या फाईली वाचेल, कुणाला कोण लागतं ते शोधेल आणि मेकफाईल आपोआप लिहील. मायेनंच केलंस गं. आणि ते? लग्नपत्रिका वाटावी तसे ऑफिसभर फिरले — माझ्या लेकीनं केलंय, माझ्या लेकीनं! साहेबानं पाठ थोपटली. छान चाललं, एकदाही अडलं नाही. तेच नडलं. थोड्याच दिवसांत साहेबानं समोर बसवून घेतलं, चहा मागवला, आणि साखरेत घोळवलेल्या आवाजात — आता तुम्ही आराम करा म्हणे, तुमचं काम तर आपोआपच होतंय. आराम! उभा जन्म ह्या माणसानं ज्यांचं अडलेलं सोडवलं, त्यांचं अडायचं थांबलं तर ह्यालाच दार दाखवलं. मेल्यांचं कधी भलं व्हायचं नाही.

रडतेस कशाला? तुझा दोष आहे असं कुठे म्हटलं मी? तेही म्हणत नाहीत. बसथांब्यावर बसलेले सापडले मला — एक बस गेली, दुसरी गेली, हे आपले डबा मांडीवर घेऊन. म्हटलं, भावजी, इथे ऊन खाण्यापेक्षा घरी चला. घरी म्हणजे माझ्या. तुझ्या आईला कळलं की ती तुला सांगणार. म्हणाले, ‘वहिनी, पोरीनं एवढ्या हौसेनं दिलंय मला. त्याचं हे झालं, हे तिला नको कळायला.’ तेव्हापासून मागच्या जिन्यानं येतात. आमचे हे धुसफुसतात, घर आहे की कचेरी — पण दुपारचा चहा दोघांचा करतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

दिवसभर करतात काय? तेच तर. तुला संध्याकाळी फोन येतो ना — ऑफिसात अडलंय गं, तुझा प्रोग्राम थांबलाय? इथे बसून अडवतात ते. ह्या टेबलाशी. खोट्या फाईली लिहितात, कुणालाच नको असलेल्या. परवा तर टाळी वाजवली — ‘वहिनी, जमलं! हिला ती आधी पाहिजे आणि तिला ही आधी पाहिजे, आता बसू दे पोरीला डोकं धरून!’ दिवसभर गाठ मारायची आणि संध्याकाळी तुला सोडवायला द्यायची, तेवढा वेळ तू बोलतेस तरी. एरवी काय बोलायचीस गं? — जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवते. मी ऐकलंय ना, भिंती पातळ आहेत... म्हणूनच आलीस होय? असल्या फाईली शहाणं माणूस लिहीत नाही, ऑफिसात कोण मूर्ख बसलाय ते बघायला? झालं मग बघून.

नाही, इथे नाही थांबायचं. चष्म्याची काडी बसवायला कोपऱ्यावर गेलेत, येतीलच. तुला ह्या टेबलाशी बघितलं तर खचेल गं तो माणूस. पुढच्या दारानं जा. सहाला ते ‘ऑफिसातून’ येतील, त्यांचे बूट उतरू देत, घोटभर पाणी पोटात जाऊ दे, मग ये — नुकती गाडीतून उतरल्यासारखी. आणि ती गाठ सुटत नाही म्हण. तुला सुटली असली तरी. उद्या परत विचारू देत, परवा विचारू देत — तुझं काय जातंय? चप्पल घाल, चप्पल घाल, मागची कडी वाजली —

आले, आले! — कुणी नाही हो भावजी. होती एक पोरगी, पत्ता चुकलेली. पाठवली मी. बसा तुम्ही, कामाला लागा.