चुकलं माझं, तिसरा अंक

माझं माहेर नशिराबाद. वडील भाजीपाला करायचे, मी सातवीपर्यंत शिकली, लग्न होऊन धुळ्याला आली, मग बालवाडीत लागली. मालक सरकारी हपिसात कारकून आणि नाटकाचा भारी नाद. काय सांगू तुम्हाला, नाटकाला बाई मिळेना तर यांनी घरचीच उभी केली. विचारलं का? कशाला विचारतील! वही हातात दिली, म्हणे पाठ कर.

नाटक जुनं, गाजलेलं, नवरा-बायकोच्या बेबनावाचं. वर्षानुवर्षं तेच करत राह्यलो, हे नवरा, मी बायको. तिसऱ्या अंकात नवरा हात जोडून म्हणतो चुकलं माझं, तरी बायको घर सोडते, की पडदा. हे असं म्हणायचे की बाया तर बाया, बाप्येही डोळे पुसायचे. आणि घरी? चष्मा हे स्वतः हरवतील, बोंब माझ्या नावानं. माझी आई अंथरुणावर होती, निरोप आला, तर हे म्हणे तालीम संपू दे, मग जा. दोन दिवसांनी गेली, आईचं तोंड दिसलं नाही मला. त्याच्यावर एकदा चुकलं म्हणा ना! मला दुसरं काहीच नको होतं हो, तेवढंच पाहिजे होतं.

मग साक्रीकडे एका गावात यात्रेचा प्रयोग लागला. तिकडे रीत अशी की बाई रुसून निघाली तर जाणती म्हातारी वेशीवर आडवी होते, तिला माघारी वळवते. मी पिशवी घेऊन निघाली, तर पुढे बसलेली एक अक्का सरळ स्टेजवर चढली, हात धरला माझा, म्हणे अवं पोरी, तो चुकनं म्हनी राहिना ना, आते कथी चालनी तू? फिर मांगे. म्हणजे तो चुकलं म्हणतोय ना, आता कुठं चालली, फिर माघारी. खाली बठ्ठ्या बाया, सगळ्याच्या सगळ्या, हो हो करायला लागल्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं अक्का, हे इथंच म्हणतात, घरी नाही म्हणत, माझी आई मेली तेव्हाही नाही म्हटले.

अक्का यांच्याकडे वळली, काय रे भाऊ, खरं शे का हाई? तर अख्खं नाटक तोंडपाठ असलेला हा माणूस विंगेकडे पाहायला लागला. प्रॉम्प्टर बिचारा घाबरला, त्यानं मागचंच वाक्य परत दिलं, चुकलं माझं. आणि यांनी ते म्हटलं, हात जोडून, नेहमीसारखं झकास. टाळ्या काय, शिट्ट्या काय! जीपमध्ये बसल्यावर मला म्हणे, शेवट नासवला तू.

आता घरोघर टीव्ही आले, मंडळ बंद पडलं, हे रिटायर होऊन पेपर वाचत बसतात. मुलाचं लग्न झालं. परवा त्याच्या हातून सुनेचा डबा सांडला, तर लगेच तिला म्हणे, चुकलं गं माझं. मी पाहतच राह्यली, इतकं सोपं असतं का हो हे? म्हटलं कुठं शिकला रे? म्हणे, पप्पांकडून, लहानपणी पुढे बसून किती वेळा ऐकलं मी. यांनी पेपरातून मान वर केली नाही. मी म्हटलं चांगलं शिकला बाबा, सुखी राहा दोघं. त्याला आता कशाला सांगू, की ते नाटकातलं होतं.