निघणाऱ्याला काय म्हणायचं?

झान : पुन्हा म्हणा, दू काकू. निन हाओ.

दू काकू : लिन हाओ.

झान : लिन नाही हो! न. नाकातला न. उद्या चेंगदूहून तपासणीवाले येतायत. दवाखान्याच्या दारात पहिला आवाज तुमचाच ऐकणार ते.

दू काकू : एकवीस वर्षं या दारात बसतेय, साहेब. येणाऱ्याला "जेवलात का?" विचारते. आजवर एकानंही तक्रार केली नाही.

झान : थट्टा पुरे. यादीतले पाचही शब्द यायलाच हवेत, तेही प्रमाण बोलीत. नाही आले तर तुम्हाला काढायच्या कागदावर मला सही करावी लागेल.

दू काकू : (घसा खाकरून) निन हाओ, नमस्कार. छिंग, या, बसा. शिएशिए, आभार. बू ख-छी, आभार कसले.

झान : वा! आणि पाचवा? बरा होऊन घरी निघालेल्याला?

दू काकू : "हळू जा."

झान : यादीत "त्सायच्येन" आहे.

दू काकू : म्हणजे "पुन्हा भेटू". दवाखान्यातून सुटलेल्या माणसाला? जीभ झडेल माझी!

झान : छापलंय ते, काकू.

दू काकू : छापणारा कधी आजारी पडला नसेल. माझ्या नवऱ्याला इथल्याच एका पोरीनं म्हटलं होतं, गोड हसून. नवव्या दिवशी परत आणला. मग घरी नाही नेला.

झान : वाईट झालं. पण शब्दानं कुणी मरत नाही.

दू काकू : मग तुम्हीच म्हणा.

झान : नोकरी तुमची जातेय, माझी नाही! आता जो पेशंट बाहेर येईल त्याला म्हणायचं. मोठ्यानं, माझ्यासमोर. नाहीतर हा कागद आणि हे पेन.

दू काकू : बरं. पोटापुढे कुणाचं चालतं? उघडली बघा लिफ्ट... साहेब, तुमच्या आई.

झान : आई? तुला संध्याकाळी सोडणार होते ना?

आई : डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झकास झालंय, आत्ताच जा. असा खांबासारखा काय उभा? पिशवी घे.

दू काकू : म्हणू का, साहेब? मोठ्यानं?

झान : (पिशवी उचलत) चल आई, लवकर.

दू काकू : म्हणतेय हं.

झान : नको! नको, काकू. तुमचंच म्हणा.

दू काकू : आणि तो कागद?

झान : हा बघा, फाडला. उद्या त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन.

दू काकू : हळू जा हं, मावशी.

आई : किती गोड बोलतेस गं! बरं, पुन्हा भे...

झान : आई, गप! चल. आणि मागं वळून बघू नकोस.