फळ्यासाठी सोडलेलं गेट

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या साप्ताहिकाचे संपादक. प्रमुख पाहुणे, विचारवंत डॉक्टरसाहेब. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या चळवळीचे बुद्धिदाते, सगळ्यांचे सर. पुष्पगुच्छ धरून केव्हापासून कडेला ताटकळलेले कार्यकर्ते. आणि मागच्या रांगांत बसवलेल्या, बिस्किट कारखान्याच्या गेटवरून बस करून आणलेल्या माझ्या बायांनो,

शेवटचं संबोधन कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. पण मला मुख्यतः त्यांच्याशीच बोलायचंय. बायांनो, तुमचा संप चालू आहे आणि तुम्ही इथं आहात. मग गेटवर आत्ता कोण आहे?

काय म्हणालात? दोघीजणी. अंगात ताप म्हणून मागे राहिलेल्या दोघी. बरं.

आता सरांविषयी चार शब्द, कारण मला त्यासाठीच बोलावलंय. निवेदक मला 'तरुण पिढीची प्रतिनिधी' म्हणाले. मी नववीत शाळा सोडली, सर्कशीच्या दारात तिकिटं फाडली, नाटक कंपनीच्या ट्रकवर पडदे बांधले, गोदीत बोटींना रंग दिला, आणि कुठंच धड टिकले नाही. माझ्यासारख्यांची पिढी असेल तर तिचं कठीण आहे. त्या सर्कशीत एक म्हातारा सिंह होता. रिंगमास्तर काय बोलतो ते त्याला ओ की ठो कळत नसे, पण आवाज चढला की तो बरोबर स्टुलावर चढायचा. सरांच्या भाषणांना मी पुष्कळ वर्षं तशाच टाळ्या वाजवल्या. भिंतींवर त्यांची वाक्यं रंगवत गावोगाव हिंडले. खोटं कशाला बोलू, त्या वाक्यांनी छाती भरून यायची. आपल्या घरातल्या दारिद्र्यालाही एवढा भारदस्त शब्द आहे, हे कळल्यावर कुणाची येणार नाही?

पहिल्या रांगेतून 'विषयावर या' असं ऐकू आलं. आलेच.

सर आता सरकारच्या कामगार सल्लागार मंडळावर राजधानीला निघालेत. ज्या सरकारला त्यांनी जन्मभर 'मालकांचा कारकून' म्हटलं, त्या कारकुनाच्या हाताखाली आता ते बसणार. प्रगती म्हणतात ती हीच असावी. मानपत्रात त्यांना 'लॉन्ड्रीच्या ऐतिहासिक लढ्याचे शिल्पकार' म्हटलंय. त्या लढ्यात माझी आत्या होती. आईमागं मला तिनंच वाढवलं, त्यामुळे हे शिल्प मी जरा जवळून पाहिलंय.

मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी त्या लॉन्ड्रीत धुतल्या जायच्या. इस्त्रीच्या खोलीत वाफ कोंडायची, बायका चक्कर येऊन पडायच्या. मागणी एवढीच होती की वाफ ओढून घेणारे पंखे बसवा, आणि हात भाजला तर सुट्टी द्या. बायका गेटवर बसल्या. गाडी आत जायला तेवढं एकच गेट. गाडी आत नाही म्हणजे मळक्या चादरी आत नाहीत, नवी माणसं आत नाहीत. ही युक्ती कुठल्या ग्रंथातली नव्हती. आत्या म्हणाली होती, "दारात म्हैस बसली की घरात कोण शिरतो?" हॉटेलवाले मालकाच्या नावानं शंख करायला लागले. मॅनेजर, जो एरवी बायकांकडे बघून बोलतही नसे, तो स्वतः पाण्याचे जार घेऊन बाहेर आला आणि पंखे नेमके कुठं लावायचे ते विचारून गेला.

आणि त्याच दिवशी आमचे सर आले.

त्यांनी पाहिलं तर काय, बायका एकमेकींच्या वेण्या घालताहेत, हसताहेत, एक घोरते आहे. सरांना वाईट वाटलं. लढा चालू आहे पण लढ्याची जाणीव कुठं आहे? म्हणून त्यांनी अभ्यासवर्ग जाहीर केला. विषय होता 'संपात प्रवेशद्वाराचे महत्त्व'. आणि वर्ग भरणार शाळेच्या हॉलमध्ये, कारण सरांना फळा लागतो.

हसू नका, मीही तेव्हा हसले नव्हते. समोरचा चहावाला म्हणाला, माझ्या टपरीची फळी काळी रंगवून देतो, इथंच शिकवा. सर म्हणाले, असल्या वातावरणात विचार होत नाही. मग आत्यानं विचारलं, आम्ही सगळ्या तिकडं आलो तर गेटवर बसणार कोण? तेव्हा सर तिच्याकडे फार करुणेनं बघून म्हणाले, "बाई, गेट ही वस्तू नाही. गेट ही एक प्रक्रिया आहे."

आत्या म्हणाली, "मग त्या प्रक्रियेला बाहेरून कडी घालून येऊ का?"

ही शिस्तीची बाब ठरली. संघटनेच्या समितीत मतदान झालं, वर्ग पक्का ठरला. डॉक्टरसाहेब तेव्हाही होते, त्यांनी हात वर करताना डोळे मिटले होते, ते चिंतन होतं की डुलकी हे मला आजवर उमगलेलं नाही. बायका उठल्या, शाळेत गेल्या, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसल्या. सरांनी फळ्यावर चौकोन काढला, चौकोनातून बाण काढला. चौकोन म्हणजे कारखाना. बाण म्हणजे काय ते सांगायच्या आत चहावाला धापा टाकत दारात आला आणि म्हणाला, गाडी आत गेली, मागं नव्या बायकांनी भरलेली दुसरी पण गेली.

सर त्याला म्हणाले, "शंका शेवटी."

आम्ही धावत परतलो तेव्हा गेट आतून बंद होतं आणि मागच्या नळीतून वाफ निघायला लागली होती. मॅनेजर पुन्हा बाहेर आला नाही. पंखे आजही नाहीत.

सर एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसले असते. चुका कुणाच्या होत नाहीत? माझा जन्मच बहुधा त्यातला आहे. पण नंतर मूल्यमापनाची बैठक झाली. संप का फसला? तर कामगारांची जाणीव अपुरी पडली. पुरावा? अभ्यासवर्ग अर्ध्यात सोडून त्या धावत सुटल्या! आत्याला उभं करून आत्मटीका करायला सांगितलं. ती म्हणाली, "चुकलंच माझं. मी उठायला नको होतं." सरांनी मान डोलावली. त्यांना वाटलं ती वर्गातून उठल्याबद्दल बोलते आहे.

पुढं त्यावर सरांचं पुस्तक आलं. त्यात तो चौकोन आणि बाण फार सुबक छापलेत. आत्या जिन्याखाली टेबल टाकून लोकांच्या शर्टांना इस्त्री करते. ती सरांना 'फळेवाले' म्हणते, आणि मला म्हणते, तू त्यांच्या मागं हिंडलीस त्यापेक्षा त्या सिंहाजवळ राहिली असतीस, निदान त्याला दात नव्हते.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, आवरतं घ्या म्हणतात. घेते.

बायांनो, तुमच्या संघटकांनी सांगितलं असेल की दोन तासांचाच प्रश्न आहे, सरांचा निरोप आहे, हॉल रिकामा दिसला तर बरं दिसणार नाही. बरं कुणाला दिसणार नाही? तुमच्या गेटवर दोघी तापानं फणफणलेल्या आहेत. मालकाला ही कार्यक्रमपत्रिका मिळाली नसेल असं वाटतं तुम्हाला? शहरभर चिकटवलीय. सरांचं भाषण अजून व्हायचंय, आणि सर थोडक्यात बोलत नाहीत. बसचा ड्रायव्हर बाहेर उभा आहे. मी येतानाच त्याला विचारलंय, तो म्हणाला, बाया बसल्या की मी निघालो, मला कुणाचं भाषण ऐकायचं नाही.

त्या हिरव्या स्वेटरवाल्या ताई उठल्या. संघटकसाहेब, त्यांचा हात सोडा. त्या कुठं पळून चालल्या नाहीत, कामावर चालल्यात. बाकीच्यांनीही उठा. खुर्च्यांचा आवाज झाला तर होऊ द्या, सभागृह समजून घेईल.

सरांना उदंड आयुष्य लाभो. कुठल्याही गेटपासून लांब लाभो.

मला बोलू दिलंत त्याबद्दल अध्यक्षांचे आभार, माइक बंद केला नाही त्याबद्दल त्या कोपऱ्यातल्या तंत्रज्ञ दादांचे जास्त आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर लहान समजून पोटात घाला. थांबा गं, मीही येते बसमध्ये.