पोरगी लई हुशार हाय

शाळेनं पोरांची साइड ठरवावी का, म्हणून काय वाद घालताय बे? आमच्या सिरसाळ्यात शाळा घरी येऊन ठरवती. ऐका.

आमची पोरगी दहावी पास झाली अन् दुसऱ्याच दिवशी सायन्सचे सर दारात. "पोरगी लई हुशार हाय, सायन्सलाच घाला." बायकोनं चहा टाकला, तवर आर्ट्सचे सर आले. "पोरगी लई हुशार हाय, आर्ट्सलाच घाला." कॉलेज एकच, पण पोरं कमी पडली की तुकडी बंद अन् सर दुसऱ्या गावाला. म्हणून दोघंबी काकुळतीला आलते.

पोरगी कप घेऊन आली. सायन्सच्या सरांना म्हणली, "सर, तुमच्या पोरानं, दादानं काय घेतलं?"

सर चहा फुंकत म्हणले, "आर्ट्स. ऐकतच न्हाई बघ."

मग आर्ट्सच्या सरांकडं वळली. "अन् तुमच्या पोरीनं, ताईनं?"

"सायन्स. लातूरला. ती बी लई हट्टी."

"मग मी कावून ऐकू?"

आर्ट्सचे सर उसळलेच, "बघा! ही वकील होणार. आर्ट्सला घाला!"

सायन्सचे सर ओरडले, "वकिलीला सायन्सवालं बी चालतं!"

झालं, तिथंच जुंपली. मी बायकोला म्हणलो, अजून चहा टाक. पोरगी कानात म्हणली, "पप्पा, नका. वासानं कॉमर्सचे सर बी येतील."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली अन् आवाज आला, "हाय का कुणी घरात? पोरगी लई हुशार हाय म्हणं!"