पेनाच्या मागून येणारी रेघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे संचालक, व्यासपीठावरचे संपादक महोदय, छपाई विभागाचे प्रमुख, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेल्या, आमच्या कैलासवासी मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी मघाशी हळूच सांगितलं, "ताई, काहीतरी गमतीचं बोला, वातावरण जड करू नका." सुरुवात तरी मी गमतीनेच करते.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. आम्ही शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. बेडकाचं पोट, फुलाचा उभा छेद, कानाच्या आतला शंख. चित्रकला विभागात आम्ही पाच जण होतो आणि चित्रं काढायचं सॉफ्टवेअर एकच, विंडोजवर चालणारं, जुनं. पंधरा वर्षांच्या आमच्या सगळ्या फायली त्यातच. पुढे संगणक इतके म्हातारे झाले की नवं विंडोज त्यांना पेलेना. तेव्हा मिस्त्रींनी सगळ्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, जुन्या मशीनलाही झेपेल असं. मिस्त्री म्हणजे आमचे संगणक सहायक. पण खिशाला पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर लावायचे, म्हणून मिस्त्री.

मशीनं पळायला लागली, पण आमचं सॉफ्टवेअर लिनक्सला ओळखच दाखवेना. मग मिस्त्रींनी दोघांच्या मध्ये एक दुभाषी बसवला. सॉफ्टवेअर विंडोजकडे जे मागेल, ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगणारा प्रोग्राम. त्याचं नाव वाईन. मिस्त्रींनी रीतसर अर्ज केला, "चित्रकला विभागात वाईन बसवण्यास परवानगी मिळावी." तो अर्ज संचालकांच्या टेबलावर आठवडाभर पडून होता. का, ते साहेबांनी आजवर सांगितलेलं नाही.

दुभाषी आला म्हणून संसार सुरळीत झाला असं नाही. हृदयाच्या चित्रावरच्या नावांतली जोडाक्षरं फुटली. रंगांची पट्टी पडद्याबाहेर जाऊन बसली. मिस्त्री रोज चहानंतर आमच्याकडे स्टुलावर येऊन बसायचे आणि एकेक दुखणं काढायचे. शेवटी एकच राहिलं. आम्ही टॅबलेटवर पेन फिरवायचो आणि पडद्यावरची रेघ मागून यायची, जराशी रेंगाळून. फुलाची पाकळी काढून हात मोकळा झाला तरी रेघ अजून वळणावरच. आम्ही वैतागायचो. मिस्त्रींनी एक छोटी सेटिंगची फाईल तयार केली, चार मशीनवर टाकली, आणि रेघ पेनाबरोबर धावायला लागली. पाचवं मशीन मास्तरांचं. तिथे मात्र रेघ होती तशीच रेंगाळत राहिली. मशीनवर मिस्त्रींनी चिठ्ठी चिकटवली होती, "या मशीनला कोणीही हात लावू नये."

मास्तरांबद्दल या सभागृहात मी काय सांगणार? आम्हा चौघांना त्यांनी शिकवलं. माझ्या पहिल्या बेडकाकडे बघून ते म्हणाले होते, "छान आहे, पण हा उडी मारणार नाही." त्यांना मशीनची तक्रार नव्हती. उलट कौतुक होतं. म्हणायचे, "कागदावर हात हल्ली जरा हलतो गं. पण या लिनक्सवर बघ, कसा चालतो." आणि खरंच, साठी गाठलेल्या माणसाची रेघ आमच्यापेक्षा स्वच्छ यायची.

मिस्त्री, मान हलवू नका. मी आज बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मिस्त्री तापाने घरी होते. मास्तर डोळे तपासायला दुपारीच निघून गेले होते. मी त्यांच्या मशीनसमोरून जात होते आणि मनात आलं, आमची मशीनं धावतात, यांचं एकट्याचंच मागे राहिलंय. मिस्त्री विसरले असतील. चिठ्ठी दिसत होती, पण ती नवशिक्यांसाठी असेल असं मी ठरवून टाकलं. माझ्या मशीनमधली फाईल घेतली आणि त्यांच्या फाईलवर टाकली. दोन मिनिटांचं काम. मास्तरांना खूश करायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, हे मलाही जमतं, असं दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादक महोदय दोन शिक्षकांना घेऊन आमच्याकडे आले, चित्रं कशी होतात ते दाखवायला. साहजिकच सगळे मास्तरांच्या मागे उभे राहिले. मास्तरांनी कानाचं चित्र घेतलं आणि बाहेरची कड काढायला सुरुवात केली. रेघेला दात फुटले होते. त्यांनी ती पुसली, पुन्हा काढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. पाहुणे बघत होते, आम्ही बघत होतो. मग त्यांनी पेन जागेवर ठेवलं, चष्म्याचं घर उचललं आणि पाहुण्यांना म्हणाले, "आज एवढंच." आणि घरी गेले. ते परत त्या खुर्चीत बसले नाहीत.

मला तेव्हाही कळलं नव्हतं. मला वाटलं, मास्तरांची तब्येत बिघडली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर आले, त्यांनी मशीन उघडलं आणि मला जिन्यात बोलावलं.

"ताई, मास्तरांच्या मशीनमधली फाईल तुमची आहे."

मी म्हटलं, "हो. फार हळू चालत होतं हो ते."

"हळू चालत नव्हतं. मी चालवत होतो."

मग त्यांनी सांगितलं. त्याच्या चार वर्षं आधी त्यांनी मास्तरांना दोन्ही हातांनी कप धरताना पाहिलं होतं. कोणाला काही न बोलता त्यांनी पेन आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये स्वतःचा एक छोटा प्रोग्राम बसवला. पेन जिथून जिथून गेलं ते जरा थांबून बघायचं, त्यातली थरथर काढायची आणि उरलेली वाट पुढे पाठवायची. म्हणून रेघ उशिरा यायची. मी विचारलं, "मास्तरांना माहीत आहे?" म्हणाले, "नाही. त्यांना वाटतं, लिनक्सचा गुण आहे. वाटू दे."

त्याच दुपारी जुनी फाईल परत टाकून मिस्त्री मास्तरांच्या घरी गेले. म्हणाले, "मास्तर, चूक माझी. मी नवीन काहीतरी टाकलं होतं, त्याने मशीन बिघडलं. आता ठीक केलंय, चला." मास्तरांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन्सिलीने त्यावर एक रेघ काढली, तशीच दातेरी, आणि कागद मिस्त्रींसमोर सरकवला. विचारलं, "यात काय टाकलं होतंस?"

मिस्त्रींकडे उत्तर होतं. पण ते दिलं असतं, तर चार वर्षांची चित्रंही मास्तरांच्या हातातून गेली असती. ते तसेच उठले. वहिनी, तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. 'चूक माझी' एवढं तुम्ही ऐकलंत, आणि त्या दिवसापासून तुम्ही मिस्त्रींशी बोलला नाहीत. आठ महिन्यांनी मास्तर गेले. त्या आठ महिन्यांत त्यांनी एक रेघ काढली नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

कार्यालयात चौकशी झाली. पाहुण्यांसमोर संस्थेची शोभा झाली, हे कोणाच्या हातून घडलं? मिस्त्रींनी लेखी जबाब दिला, रजेवर जाण्याआधी माझ्याच हातून. त्यांच्या सेवापुस्तकात शेरा बसला, बढती गेली. आज ते संगणक सहायक म्हणून आले तसेच संगणक सहायक म्हणून जात आहेत. त्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मास्तर होते तोवर गप्प राहायला कारण होतं. मिस्त्रींनी मला शपथ घातली होती. मास्तर गेल्यानंतर कारण उरलं नाही. मला फक्त भीती वाटत होती. वहिनी, मी तुमच्याकडे तीनदा आले. तिन्ही वेळा तुम्ही चहा केलात, मी तो प्यायले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत फिरले. हे चार भिंतींत सांगायला हवं होतं. ते धैर्य झालं नाही, म्हणून सभागृहात सांगते आहे. याची मला लाज वाटते.

पण एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी. त्या प्रोग्राममध्ये चित्र नव्हतं. कान कसा असतो, हे त्याला माहीत नव्हतं. मास्तर गेल्यावर एकदा मी त्यांच्या मशीनवर बसले, मिस्त्रींची फाईल होती तशी ठेवून, आणि मास्तरांचा तो अर्धा राहिलेला कान काढून पाहिला. रेघ अगदी स्वच्छ आली. कान चुकला. दहा वेळा काढला, दहा वेळा चुकला. त्या चार वर्षांची सगळी चित्रं मास्तरांच्याच हातची आहेत, वहिनी. मिस्त्रींनी त्यात स्वतःची एक रेघ घातलेली नाही.

आज सकाळी मी दुरुस्त केलेला जबाब, माझ्या नावाने, आस्थापना विभागात दिला आहे. साहेब, त्याची प्रत तुमच्या टेबलावर आहे. हा कागद तरी आठवडाभर ठेवू नका.

मला दिलेली दहा मिनिटं केव्हाच संपली. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची आणि संयोजकांची मी आभारी आहे. गमतीचं बोलायचं कबूल करून हे बोलले, त्याबद्दल सूत्रसंचालकांनी रागावू नये. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. जे केलं, ते सांभाळून घ्या असं मी म्हणू शकत नाही. त्याची क्षमा मी मिस्त्रींकडे मागते, आणि वहिनी, तुमच्याकडे मागते.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की मानपत्र माझ्या हस्ते द्यायचं. ते मी देणार नाही. ते इथे टेबलावर आहे, वहिनींनी द्यावं म्हणून. वहिनी, मिस्त्री उद्यापासून या इमारतीत नसतील. माझ्याशी यापुढे बोलला नाहीत तरी मी समजून घेईन. त्यांच्याशी मात्र आज बोला.