भिंतीवरून उतरवलेला छाप

जबाब देणार: वय ४४, धंदा हाताने छाप काढणे व वस्तीच्या छापघराची देखभाल, राहणार छापघरामागची गल्ली, शिंपीकाकांच्या दुकानावरचा मजला. ओळखीचे सगळे मला शाईताई म्हणतात.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन, विचारलं तसं सांगते की, माझी आई, वय ७१, आज सकाळपासून घरी नाही. मी म्हटलं, आधी शोधायला माणूस पाठवा, मग निवांत लिहा. हवालदारसाहेब म्हणाले, आधी लिहायचं, मग माणूस. म्हणून सांगते, पण लवकर लिहून घ्या.

घरात आम्ही दोघीच राहतो. माझं लग्न झालेलं नाही. त्याचा इथे काही संबंध नाही, पण विचारलं म्हणून सांगितलं.

माझा धाकटा भाऊ सात वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून सकाळी घरातून गेला, तो परत आला नाही. भांडण झालं नव्हतं. जेवणाचा डबा बरोबर नेला होता. ती तक्रार याच ठाण्यात आहे. तिच्यात त्याचं वर्णन आहे: उंच, सडपातळ, डाव्या भुवईवर जुना व्रण, डावखुरा, काम सायकली दुरुस्त करण्याचं. तेव्हापासून आईने घर एक दिवसही रिकामं सोडलेलं नाही. मी बाहेर असले तर ती घरात, ती दवाखान्यात गेली तर मी घरात. माझी मावशी वारली तेव्हाही आई गेली नाही. "तो यायचा, कुलूप बघायचा आणि आल्या पावली परत जायचा," एवढंच म्हणाली. मावशी तिची सख्खी बहीण होती. मी एकटी जाऊन आले.

छापघर म्हणजे काय, असं साहेबांनी विचारलं. वस्तीतल्या लोकांनी मिळून चालवलेली जागा आहे. मागच्या खोलीत प्रेस आहे, पुढच्या खोलीत प्रदर्शन भरवतो. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने चित्र कोरायचं, आम्लात ठेवून रेघा खोल करायच्या, रेघांत शाई भरायची, वरवरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसखालून काढायचं. एकेक छाप हातानेच निघतो. साहेब म्हणाले, मग सरळ झेरॉक्स का नाही काढत?

या वेळचं प्रदर्शन परगावच्या छापकारांचं आहे. त्यांनी पाठवलेली पाकिटं मागच्या आठवड्यात मी उघडली. त्यात एका बाईंचा छाप होता. वहीच्या पानाएवढा. दुकानापुढे स्टुलावर बसलेला माणूस, मांडीवर सायकलचं चाक, हातात पान्हा, आणि जीभ दातांत धरलेली. कामात डोकं घातलं की माझा भाऊ अशीच जीभ दातांत धरायचा. त्यावरून आईचा ओरडा खायचा. मी छाप टेबलावर ठेवला, हात धुऊन आले आणि पुन्हा बघितला. तोच होता.

मी तो तसाच घरी आईकडे नेला. आईने चष्मा लावला, खिडकीशी जाऊन बघितला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "नाही गं. दिसतो तसाच, पण हा उजव्या हाताचा आहे. माझ्या पोराने उजव्या हाताने कधी खिळासुद्धा ठोकला नाही. आणि व्रण बघ कुठल्या बाजूला आहे. उगाच माझ्या जिवाला घोर लावू नकोस."

मी म्हटलं, आई, छाप उलटा निघतो. पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं होतं. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बघ, वाचता येतात का? तीही उलटी आहेत. म्हणजे या बाईंनी दुकानासमोर बसून, जसं दिसलं तसं थेट पत्र्यावर कोरलंय. आईला पटेना. मग मी तिला कपाटाच्या आरशापुढे उभी केली आणि छाप तिच्या खांद्याशी धरला. आरशात पाटी सरळ झाली. पान्हा डाव्या हातात आला. तिने आरशातल्या भुवईवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "वाळलाय. खात नाही वाटतं धड."

नंतर आईने विचारलं, "कधीचं आहे गं हे?" छापाखाली पेन्सिलीने सही आणि साल लिहिलेलं असतं. साल या वर्षीचं होतं. मी तसं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आहे." मी म्हटलं, "आहे." आईने लगेच उठून पिशवी काढली. मी तिला थांबवलं. म्हटलं, त्या बाईंना फोन लावते, नक्की कळू दे, प्रदर्शन सुरू झालं की मीच जाऊन त्याला घेऊन येते, तू घर सांभाळ. आई "बरं" म्हणाली. आईचं "बरं" म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. तरी मी कामाच्या नादात दुर्लक्ष केलं.

त्या बाईंचा फोन लागत नव्हता. मी रोज लावत होते. काम सुचत नव्हतं. एक छाप उलटा टांगला, दुसऱ्याची काच फोडली. आमचे चौकटवाले काका, जे सगळ्या छापांना चौकटी करून देतात, ते मला म्हणाले, "शाईताई, तुला भूत लागलंय का?" मी त्यांच्या अंगावर धावून गेले. त्यांना काही सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर खोटं ठरेल असं वाटत होतं.

काल प्रदर्शन सुरू झालं. तो छाप मी दाराशेजारच्या भिंतीवर लावला. खाली नेहमीप्रमाणे चिठ्ठी लावली, तिच्यावर त्या बाईंचं नाव आणि गाव. लोक पाटीवरची उलटी अक्षरं दाखवून हसत होते. एक गृहस्थ मला म्हणाले, "एवढी मोठी चूक भिंतीवर लावलीत?" मी त्यांना चहा दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

आज सकाळी छापघरात पोचल्यावर मी पुन्हा फोन लावला आणि तो लागला. त्या बाई आजारी होत्या म्हणून इतके दिवस मुलीकडे होत्या. मी विचारलं, तो सायकलवाला कुठे आहे? त्या म्हणाल्या, "तो होय? अहो, पत्रा जुना आहे. कोरून पाच वर्षं झाली. माझ्याकडे प्रेस नव्हती, म्हणून ट्रंकेत पडला होता. यंदा कुठे छापायला मिळाला." मी विचारलं, आणि दुकान? त्या म्हणाल्या, "रस्ता रुंद केला तेव्हा पाडलं. त्यानंतर तो गेला. कुठे गेला कोणाला ठाऊक." आई तिकडे जाण्याची शक्यता तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हती. मी फक्त माझा नंबर दिला.

साहेबांनी विचारलं की मग तुम्ही आईला या वर्षीचं असं का सांगितलं. तर छापाखाली लिहितात ते साल छापल्याचं असतं, कोरल्याचं नसतं. पत्रा दहा वर्षं पडून राहू शकतो. ही गोष्ट मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. भावाचं तोंड दिसलं आणि मी ती साफ विसरले. माझ्या धंद्यातल्या माणसाने असं करायला नको होतं. मी आईला "आहे" म्हटलं, ते कशाच्याही आधाराशिवाय म्हटलं.

हे आईला सांगायला मी धावत घरी गेले. दार सताड उघडं होतं. घरात आई नव्हती. सात वर्षांत असं पहिल्यांदा झालं. खाली शिंपीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "मला सांगून गेल्या ना. दाराकडे लक्ष ठेवा म्हणाल्या. मुलगा आला तर बसवून घ्या, पाणी द्या, मी त्यालाच आणायला चाललेय." मी काकांना म्हटलं, तुम्हाला एवढंही कळलं नाही का? काका म्हणाले, "अगं, त्या इतक्या खुशीत होत्या, मी काय अडवणार?" मी त्यांना टाकून बोलले. ते मला बोलायला नको होतं.

तिथून मी परत छापघरात गेले. मी घरी धावले तेव्हा आई दुसऱ्या वाटेने तिथे पोचली होती. चौकटवाले काका एकटेच होते. त्यांनी सांगितलेली हकिगत अशी की, आईने सरळ भिंतीवरून तो छाप उतरवला. काका म्हणाले, "मावशी, प्रदर्शन चालू असताना छाप काढत नाहीत." आई म्हणाली, "चौकट तुमची, ती ठेवा. आतला माझा आहे." मग तिने काकांकडूनच चौकट उघडून घेतली, छाप दोन पुठ्ठ्यांत घातला, काच पदराने पुसून टेबलावर ठेवली आणि खालची चिठ्ठी काढून नेली. काकांनी विचारलं, एकट्याच चाललात? आई म्हणाली, "येताना दोघं असू."

आईचं वर्णन: बुटकी, केस पांढरे, डाव्या गुडघ्याने अधू, जिना उतरताना कठडा लागतो. अंगावर निळं पातळ, त्यावर माझं शाईचे डाग पडलेलं जाकीट. तिच्याकडे फोन नाही. बरोबर छाप, पाण्याची बाटली आणि हातात धरायचा आरसा आहे. आरसा कशाला, असं साहेबांनी विचारलं. छाप आरशात बघितला तरच भाऊ बरोबर दिसतो, म्हणून. अलीकडचा फोटो मागितला. तो नाही. भाऊ गेल्यापासून तिने एकही फोटो काढू दिलेला नाही. हजार माणसांची तोंडं मी छापली असतील, आईचं एकही नाही. आता वाटतं, बसवायला हवं होतं तिला.

माझा कोणावर संशय नाही. छाप चोरीला गेला अशी माझी किंवा छापघराची तक्रार नाही. मी दुपारपर्यंत बसस्थानकावर शोधून आले, तिथे कोणी धड सांगितलं नाही, आणि त्या बाईंना पुन्हा फोन लावला तर उचलला नाही. तिच्या मागे जावं तर घर उघडं, घरी थांबावं तर ती तिकडे पाडलेल्या दुकानासमोर एकटी. माझा जीव टांगणीला लागला आहे. साहेबांनी मला पुन्हा बसायला सांगितलं. मी बसले.

एवढं लिहून झालं तेव्हा माझा फोन वाजला. छापकार बाईंचा होता. साहेबांच्या परवानगीने घेतला. बाई म्हणाल्या, "तुमच्या आई इथे आल्यात. दुकान होतं तिथे रस्त्याच्या कडेला बसल्यात. घरी चला म्हटलं तर उठत नाहीत. घ्या, तुम्हीच बोला." पुढे आई बोलली. ते बोलणं मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं आहे.

मी ओरडले, "कुठे गेलीस न सांगता? जीव घेशील माझा!"

आई म्हणाली, "ओरडू नकोस. लोक आहेत इथे."

मी म्हटलं, "आई, तो पत्रा जुना आहे. माझी चूक झाली. तो तिथे नाही."

"माहितीय. बाईंनी सांगितलं. दुकानही नाही, ते दिसतंय मला."

"मग तिथेच थांब. मी येते न्यायला."

"नको येऊस. मी इथे राहणार आहे. बाईंकडे खोली आहे." मग म्हणाली, "अगं, सगळे ओळखतात त्याला. आरसा धरला की लगेच म्हणतात, हाच तो. चांगलं बोलतात सगळे. म्हाताऱ्या माणसांच्या सायकली फुकट करून द्यायचा म्हणे."

त्यानंतर आईने आवाज बारीक केला. मग म्हणाली, "त्याने इथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला आई नाही म्हणून. लहानपणीच गेली म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

आई म्हणाली, "तू रडू नकोस. असेल त्याचं काही कारण, आल्यावर विचारू. पण आता मी इथे बसलेय ना. येणारा जाणारा विचारतो, तुम्ही कोण? मी सांगते, त्याची आई. कोणाच्या ना कोणाच्या तोंडून त्याच्या कानावर जाईल. गेलं की येईल. येईल ना गं?"

मी म्हटलं, "येईल." मला काही माहीत नव्हतं. तरी म्हटलं.

आई म्हणाली, "मग तू घरी जा. शिंप्याला त्याचं काम असतं."

तरी माझं म्हणणं असं की, आई मिळाली असल्याने तिच्याबद्दलची तक्रार बंद करावी. भावाची जुनी तक्रार बंद करू नये. तिला जोडून एवढं लिहावं की त्याची आई हयात आहे, आणि ती जिथे बसली आहे तिथला पत्ता लिहावा. ज्या कोणाला तो भेटेल त्याने त्याला हे सांगावं.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. मधलं एक वाक्य मला ऐकवेना, म्हणून हवालदारसाहेबांनी ते मनातच वाचलं. तेही बरोबर आहे.