न रडणारी पोरगी

...दगा! दुसरा शब्दच नाही त्याला. आणि कुणाकडून, तर घरच्यांकडून! तुम्हाला सांगतो, बायकोने, सख्ख्या आईने, मेहुणीने... आणि सगळ्यात मोठा दगा कुणाचा? दीड महिन्याच्या पोरीचा!

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी ठाण्याला, वागळे इस्टेटच्या एका कंपनीत लेथ मशीनवर, कायम रात्रपाळी, म्हणजे झोपायचं दिवसा. खोपटच्या आमच्या चाळीत शेजारच्या सहदेवचं पोर असं बोंबलायचं, की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं! आणि आमची पोरगी? हूं नाही की चूं नाही. दूध पाजायलासुद्धा गदागदा हलवून उठवायची! आई म्हणायची, "गुणाची गं बाय माझी!" खालच्या दगडाबाई खास बघायला यायच्या, "काय नशीब काढलंस रे दौलत!" मी तर कंपनीत पेढे वाटताना सांगत फिरलेलो, आपली पोरगी म्हणजे शिस्त!

एकटी माझी बायको, रतन, तोंड पाडून. म्हणे, "अहो, महिना झाला, अंगाचा पिवळेपणा जात नाही. चार-चार दिवस शी करत नाही. हात लावून बघा, गार लागते." म्हटलं, कोवळ्या उन्हात धर. "कधी कुरकुरलीच, तर आवाज घोगरा येतो हो तिचा." म्हटलं, गाणारीण होईल! आता सांगा, माझं काय चुकलं?

आणि एके दुपारी मी खोपटच्या स्टँडवर उभा, तर कल्याणच्या एसटीत कोण चढतंय? रतन! छातीशी पोरगी, सोबत मेहुणी मालू, आणि मागून... माझी आई! घरी सांगितलेलं काय, तर मालूकडे हळदीकुंकू! दगा की नाही? धावत चढलो, मागच्या सीटवर पेपरात तोंड खुपसून कल्याणपर्यंत गेलो, उतरलो, पाठोपाठ चालत राहिलो... तर कुठे? मुलांच्या डॉक्टरकडे!

शिरलो आत. डॉक्टरांच्या हातात पोरीच्या रक्ताचा रिपोर्ट! म्हणजे ही यांची दुसरी खेप! मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "वडील का? बाळ रडतं का हो?"

मी छाती फुगवून, "अजिबात नाही, साहेब!"

कुणी हसलं नाही हो...

"हिच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जन्मापासून नीट काम करत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून ही अशी पडून असते. आणखी काही महिने असेच गेले असते, तर मेंदूची वाढ खुंटली असती. ती मग भरून येत नाही. आईने वेळेत आणलं. आता रोज गोळी, चमच्यात दुधात चुरून. चुकवायची नाही."

शिस्त कसली! पोरीच्या अंगात रडायची ताकद नव्हती, आणि मी पेढे वाटलेले!

गोळी सुरू झाली. पिवळेपणा गेला, हातपाय झाडायला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात असं भोकाड पसरलंन म्हणता! आई देवापुढे साखर ठेवून रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

पण दगा तो दगाच ना? रडक्या पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता रतनला विचारलंच, "आईला सांगितलंस, मालूला सांगितलंस, मीच तेवढा परका? मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तीनदा. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, हळू बोल, झोपमोड होते."

"पोरीची?"

"तुमची."